लोणारी : कामाचं नाव, रक्ताचं नाही

आमच्या जालन्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून ‘लोणारी’ शब्दाचा नवा इतिहास येतो. कधी तो लोण्यातून निघतो, कधी एखाद्या राजघराण्यातून. दोन्ही थापा आहेत. लोणी आलं ‘नवनीत’वरून. लोणारी आला ‘लवण’वरून.

सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार, तसा लवणकाराचा लोणार. लोणारी म्हणजे मीठ करणारा. बस. लोणच्यात तेच लवण आहे, अळणी भाजीत ते नाही. कोकणात मिठाच्या आगरावरून आगरी झाले, तसंच हे.

मंठा ओलांडला की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार लागतं. त्याच्या नावाला लवणासुराची गोष्ट जोडली गेली. पण अकबराच्या काळातली ‘ऐन-इ-अकबरी’ तिथे काच-साबणाला लागणारा माल मिळतो, असं सांगते. गोष्ट राक्षसाची, कमाई खाराची. सगळे लोणारी लोणारचे, असा याचा अर्थ नाही. ते सातारा-सोलापूरकडेही आहेत.

मला राग येतो तो पुढच्या भागाचा. जुन्या गॅझेटियरमध्ये लोणारी चुना भाजताना, कोळसा पाडताना दिसतात. म्हणजे काम बदललं, तरी नाव हटलं नाही. ज्या दिवशी कामाचं नाव काम सुटल्यावरही मुलाला चिकटलं, त्या दिवशी त्याची जात झाली. हे शब्दानं केलं नाही, आपण केलं.

इंग्रजांच्या 1882 च्या मीठ कायद्यानं परवान्याशिवाय मीठ करणं गुन्हा ठरवलं. 1930 मध्ये अकोल्याजवळच्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून सत्याग्रह झाला. ज्यांनी कायदा मोडायला मूठभर मीठ केलं, त्यांना आपण देशभक्त म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग ज्यांनी पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं, त्यांच्यासाठी राजा का शोधावा लागतो? मीठ करणारा एवढं पुरत नाही?

मी पोटासाठी कोड लिहितो. उद्या माझ्या पणतूच्या बायोडाटावर ‘जात : कोडर’ असं छापलं, तर तुम्ही हसाल. लोणाऱ्याच्या बाबतीत आपण शतकानुशतकं नेमकं तेच छापतोय, आणि हसत नाही.

पुढच्या वेळी ग्रुपवर राजवंश आला, की फक्त एवढं विचारा : मग मीठ कोणी केलं?