आठ कुटुंबांची इमारत सरकारच्या हिशेबात नाही

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यात वर्धमान कंपाऊंडमधली इमारत पडली. खाली गोदाम, वर कुटुंबे. आठ जण गेले. भिवंडीत इमारत पडली की दोनच शब्द ऐकू येतात : धोकादायक आणि अनधिकृत. ते उच्चारले की सगळ्यांची जबाबदारी संपते आणि दोष राहणाऱ्याच्या माथी बसतो.

आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. यंत्रमागावर, गोदामात, सफाईच्या कामात राबणाऱ्या कुटुंबाने अधिकृत घर बांधायचे म्हटले तर जायचे कुठल्या दारातून? टॉवरमधला फ्लॅट परवडत नाही, चाळीतली खोली पुरत नाही. मधली वाट उघड आहे. दोन-तीन गुंठे जागा, आठ कुटुंबे, तळमजला आणि वर तीन मजले. भिवंडीचा मोठा भाग असाच उभा राहिला आहे. फक्त कायद्याच्या कागदावर ही वाट नाही.

रमाई आवास योजना घ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीची, आपल्या हक्काची योजना. शहरात अडीच लाखांचे अनुदान मिळते. पण स्वतःची जागा किंवा स्वतःचे कच्चे घर हवे. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, जो पिढ्यान्‌पिढ्या भाड्याच्या खोलीत आहे, तो बाद. म्हणजे ज्याला जमिनीपासून तोडले, त्यालाच विचारायचे, तुझा सातबारा कुठे आहे?

2015 ची पंतप्रधान आवास योजना बघा. तिच्यात भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पाला केंद्राची मदत हवी तर एका प्रकल्पात किमान 250 घरे लागत होती. 250 घरे कोण बांधतो? बिल्डर. स्वतः बांधणाऱ्याला अनुदान आहे, पण त्यालाही जागा स्वतःचीच लागते. आठ कुटुंबे कुठेच बसत नाहीत.

आता रेरा कायदा. 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्तीच नाही. मदत द्यायची वेळ आली तेव्हा 250 हून कमी चालत नव्हती, आणि संरक्षण द्यायची वेळ आली की आठ घरांना कोणी मोजत नाही. लहान इमारतीत घर घेणारा माणूस दोन्हीकडून उघडा पडतो, आणि तो बहुतेक वेळा आपलाच असतो.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम एफएसआय नाही, टीडीआर नाही. आपल्या वस्त्यांतले रस्ते किती रुंद आहेत ते आपण रोज चालून पाहतो. जुनी इमारत पाडून नवी उभी करायचा खर्च मग निघायचा कुठून? शहरालगत गुंठा घ्यायचा तर तुकडेबंदीमुळे व्यवहार नोटरीवर व्हायचे. 2025 मध्ये शासनाने अशा जुन्या व्यवहारांना वाट करून दिली, चांगले झाले. पण कागद नियमित झाला म्हणून बँक आठ हमालांना मिळून कर्ज देत नाही.

मग उरते काय? ठेकेदार. तो आडनाव विचारत नाही, सातबारा मागत नाही, रोख घेतो आणि सळई कमी घालतो. भाड्याने खोली बघायला गेलेल्याला दलाल आधी आडनाव विचारतो, मग घरात फोटो कोणाचा लावता ते. त्यामुळे ठेकेदाराचे दार आपल्याला दयाळू वाटते.

पावसाळ्याआधी महापालिकेची नोटीस येते. मुंबई शहरात उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ तरी आहे. त्याच्या कारभाराबद्दल आमचे भांडण आहे, पण ते आहे. भिवंडीच्या भाडेकरूला असे मंडळ नाही. त्याच्या हाती फक्त ‘खाली करा’ असा कागद.

आम्ही नियम सैल करा म्हणत नाही. कमी सळईची इमारत आमच्याच लेकरांवर पडते. आमचे म्हणणे एवढेच की छोटी इमारत ही सरकारी जबाबदारी माना. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले, ती सरकारी ट्रस्टने बांधली होती. खोल्या कोंदट होत्या, हाल होते, सगळे खरे. पण कामगाराला घर देणे हे आपले काम आहे एवढे तरी परक्या सरकारने मानले होते.

थोडे आपल्याशीही बोलू. घराचा प्रश्न आपण अर्जाचा करून टाकला आहे. वस्तीत जायचे, फॉर्म भरून द्यायचे, मंजुरी आली की बॅनर लावायचा. मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी पी.डब्ल्यू.आर. 219 ही योजना होती, हे आपल्या किती तरुणांना माहीत आहे? त्यात नावे आपली आणि फायदा बिल्डरचा, अशा तक्रारी झाल्या. त्यावर लढायचे सोडून आपण ती वाटच विसरलो.

आमची मागणी अशी : रमाईचे अनुदान आठ कुटुंबांना एकत्र करून सहकारी संस्थेच्या नावे द्या. जमीन महापालिकेने दीर्घ भाडेपट्ट्याने द्यावी, म्हणजे कोणाला विकता येणार नाही. बांधकामाची तपासणी सरकारी अभियंत्याने पायापासून करावी, पडल्यावर नाही.

एकत्र अर्जाचा नमुना तयार आहे. आठ नावे, एक अर्ज, एक पोच. नाकारला तर कारण लेखी मागायचे, आणि तो कागद घेऊन पुढच्या दारात जायचे.