पुस्तकांची देवघेव आणि टपालाचा हिशेब

खासगी ग्रंथसंग्रहाची सूची करणे हा एके काळी चिकाटीच्या माणसांचा एकांतातला उद्योग होता. अमेरिकेतील पोर्टलंड येथे टिम स्पॉल्डिंग यांनी २००५ साली ‘लायब्ररीथिंग’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि या एकांताला सार्वजनिक रूप आले. पुस्तकाचे नाव वा आयएसबीएन क्रमांक दिला, की लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ग्रंथालयातील तयार नोंद वाचकाच्या खात्यात येते. तीच पुस्तके आणखी कोणाच्या कपाटात आहेत, हेही त्यास कळते. जेफरसनने १८१५ मध्ये आपली ६,४८७ पुस्तके अमेरिकेच्या काँग्रेसला २३,९५० डॉलरला विकली होती; त्याच्या संग्रहाची सूची हौशी सभासदांनी येथे विनामूल्य तयार केली.

सूची झाली, की देवघेवीची इच्छा होणे स्वाभाविकच. परंतु वस्तुविनिमयाची जुनी अडचण येथेही आहे. आपल्याला हवे ते ज्याच्याकडे आहे, त्याला आपल्याकडचे हवे असतेच असे नाही. जॉन बकमन यांच्या ‘बुकमूच’ने २००६ मध्ये यावर गुणांचा तोडगा काढला. पुस्तक दिले की एक गुण, आणि त्या गुणावर तिसऱ्याच सभासदाचे पुस्तक. हे चलनच होय. मात्र पुस्तकाची केवळ नोंद केली तरी एक दशांश गुण मिळू लागल्याने, देवघेव होण्याआधीच चलन निर्माण होते. शिवाय रद्दीतली कादंबरी आणि दुर्मिळ कोश यांची किंमत एकच. भाव वाढण्यास वाव नसला, की टंचाई रांगेच्या रूपाने प्रकट होते, हे रेशन दुकानासमोर उभे राहिलेल्यांस सांगावयास नको. नको असलेली पुस्तके यादीत पडून राहतात, हवी असलेली क्षणात जातात.

आणि टपाल? ते देणाऱ्याच्या माथी. म्हणजे ‘फुकट’ देवघेवीची खरी किंमत टपालखिडकीवर ठरते. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची सवलतीची बुक पोस्ट सेवा बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व पाच किलोंस १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. विनोदी कथासंग्रह यांपैकी कोणत्या खान्यात बसतो, हे खिडकीवरील बिचाऱ्या कारकुनाने ठरवायचे काय? लहान गावातील शिक्षकाला पुस्तक मिळणे न मिळणे अशा दरावर अवलंबून असते. तेव्हा सवलतीची व्याख्या उदार हवी, आणि सेवा बंद करण्यापूर्वी पर्यायी सेवा सुरू हवी.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण आहे. आयएसबीएनची पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर हा क्रमांक असणार कोठून? अमेरिकी सूचींतील जुन्या मराठी नोंदी रोमन लिपीत. देवनागरीत शोधणाऱ्याच्या हाती त्या सहजी लागत नाहीत. शं. ग. दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची जिद्दीने सिद्ध केली. तिच्यासारख्या नोंदी संकेतस्थळांना थेट उचलता येतील अशा स्वरूपात खुल्या करण्याचे काम आपल्या विद्यापीठांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी अंगावर घ्यावयास हवे.

एवढे करूनही सूचीची मालकी कोणाची, हा प्रश्न उरतोच. ‘शेल्फारी’ ॲमेझॉनने २००८ मध्ये घेतले आणि २०१६ मध्ये बंद केले. सभासदांना आपल्या याद्या ‘गुडरीड्स’वर न्याव्या लागल्या. तेही २०१३ पासून ॲमेझॉनचेच. वाचकांच्या विनावेतन श्रमातून उभे राहिलेले भांडवल पुस्तकविक्रेत्याच्या खात्यात जमा झाले, हे त्या व्यवहाराचे साधे वर्णन. सूची जरूर करावी, देवघेवही करावी. फक्त यादीची प्रत दरवर्षी उतरवून घेऊन स्वतःच्या संगणकात, जमल्यास कागदावर, ठेवावी.