ध्येयाची शर्यत

२०१८ सालीं केंद्र सरकारनें आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तींत आमच्या वाशिमचें नांव आलें. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी इत्यादि विषयांचीं ४९ मापें ठरलीं आणि प्रतिमासीं जिल्ह्यांची क्रमवारी लागूं लागली. उंच ध्येय ठरविल्यानें यश खरोखर जवळ येतें काय? याचें उत्तर मोटारींच्या शर्यतींत सांपडतें, असें म्हटल्यास वाचक हंसतील. परंतु दृष्टांत विचार करण्याजोगा आहे.

मुंबईच्या महिंद्रा कंपनीचा संघ विजेच्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ शर्यतींत २०१४ पासून, म्हणजे आरंभापासून, उतरत आला आहे. पहिला विजय जून २०१७ मध्यें बर्लिन येथें मिळाला. या खेळांत गाडीचा सांगाडा व बॅटरी सर्वांस सारखीच असते. मागील चाकांस गति देणारी यंत्ररचना मात्र ज्या त्या उत्पादकानें आपली घडवावयाची, आणि एकदां नोंदविली कीं दोन हंगाम ती बदलावयाची नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें केप टाउन येथें मागील सस्पेन्शनविषयीं शंका उत्पन्न झाली, तेव्हां संघानें दोन्ही गाड्या शर्यतींतून मागें घेतल्या. चालकाच्या जिवापुढें गुणांची मातब्बरी ती काय! त्या हंगामांत अकरा संघांत महिंद्रा दहावा आला.

पुढच्याच वर्षीं पहिला क्रमांक मिळवूं, ही प्रतिज्ञा येथें व्यर्थ ठरली असती. नियमच आड होता. खरी मुदत होती ती नव्या यंत्ररचनेची, म्हणजे २०२४-२५ च्या हंगामाची. त्या हंगामांत संघ चौथा आला.

तात्पर्य, ध्येय उंच असावें; पण त्याची मुदत कामाच्या स्वभावावरून ठरावी, आणि दोष दिसतांच थांबण्याची मोकळीक असावी. ती नसेल तर मनुष्य गाडी सुधारण्याऐवजीं आंकडा सुधारूं लागतो. जिल्ह्यांच्या क्रमवारींत हेंच भय आहे. लसीकरण कांहीं महिन्यांत वाढवितां येतें. परंतु चौथींतल्या मुलास अर्थ समजून वाचतां येणें, हें वर्षांचें काम आहे. एखाद्या शिक्षकानें ‘माझ्या वर्गांत इतक्या मुलांस वाचतां येत नाहीं’ असें खरें लिहिलें, तर त्यास ठपका न देतां साहाय्य द्यावें. प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं घरोघरच्या वडीलधाऱ्यांनींही एवढा विचार करावा.