दोन मिळकती, एक नकाशा

शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करावा आणि पडलेले तुकडे पुन्हा एकत्र आणावेत, या हेतूने मुंबई प्रांतात १९४७ साली कायदा झाला, आणि त्यातून निघालेल्या एकत्रीकरण योजनेने सातारा-सांगलीकडील कित्येक गावांच्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबराच्या जागी गट नंबर आणला. परंतु शेताच्या बाबतीत सरकारने जो विचार इतक्या आग्रहाने धरला, तो शहरातील घरजागेच्या बाबतीत त्याला तितक्या तळमळीने सुचलेला दिसत नाही.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांच्या काळी वाढलेल्या साताऱ्याच्या पेठांत वाड्यांच्या वाटण्या होत होत जागेच्या अरुंद, लांबट पट्ट्या उरल्या. सांगलीत वाटणीऐवजी विक्रीने तेच साधले. गुंठ्यागुंठ्याने शेते विकली गेली, घरे उभी राहिली, आणि ती नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तथापि घर नियमित झाल्याने जागा रुंद होत नाही. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात तेहतीस फुटांचा चौकोन. चारी बाजूंस पाच-पाच फूट सोडले असे धरले, तर जोत्यासाठी ५२९ चौरस फूट राहतात. शेजारच्या दोन गुंठ्यांवर मिळून एकच इमारत बांधली, तर मधल्या हद्दीवरची दोन्ही अंतरे वाचून जोते १२८८ चौरस फुटांचे होते, म्हणजे दोन वेगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा २३० चौरस फुटांनी अधिक. शिवाय जिना एकच लागतो, आणि मंजूर चटईक्षेत्र, जे सुट्या गुंठ्यावर दोन मजल्यांत पुरते वापरताही येत नाही, ते कारणी लागते.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे अपवाद वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात जोडघरांना आणि ओळीतल्या घरांना स्थान आहे, आणि भूखंड एकत्र करण्यासही मज्जाव नाही. अडचण मालकाच्या मनात आहे, आणि ती अवास्तव नाही. एकाच्या मिळकतीवर बँकेचा बोजा, दुसऱ्याच्या वारसांचा फेरफार प्रलंबित, आणि शेजाऱ्याचे व आपले नाव एका मिळकतपत्रिकेवर कायमचे गुंतणार ही धास्ती (भाऊबंदकीचा दिवाणी दावा ज्याने पाहिला आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही). म्हणून माझी सूचना अशी की, मिळकतपत्रिका वेगळ्याच राहू द्याव्यात. केवळ सामासिक अंतर, चटईक्षेत्र व वाहनतळ यांपुरते लगतचे भूखंड एक समजून एकच नकाशा मंजूर करावा, आणि तसा करार नोंदणीकृत करून त्याची नोंद प्रत्येक पत्रिकेवर घ्यावी, म्हणजे पुढचा खरेदीदार व वारस दोघेही त्याने बांधले जातील.

या सवलतीचा फायदा बिल्डर उपटतील, ही हरकत येणारच. तिच्यात तथ्य आहे; म्हणून सवलत तीन-चार भूखंडांपुरतीच असावी, आणि जुन्या भाडेकरूची सोय नकाशातच दाखविल्याखेरीज परवानगी देऊ नये. सांगलीसाठी आणखी एक मर्यादा मी अनिवार्य मानतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, जिथे धोक्याची पातळी पंचेचाळीस फुटांची आहे. तेव्हा पूररेषेच्या आत या सवलतीने एक वीटही वाढता कामा नये, आणि शामरावनगरसारख्या सखल वस्तीत मोकळी सुटलेली जागा फरसबंद न करता पाण्याच्या निचऱ्यास राखावी.

साताऱ्यात आरंभ पेठांतून करू नये. २०२० च्या हद्दवाढीने शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग पालिकेत आला आहे. तिथे ज्या लगतच्या भूखंडांवर अद्याप जोते पडलेले नाही, तिथे मोजणीची फी माफ करून ही तजवीज आजच अजमावता येईल. पेठांतल्या एकेका वाड्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या गोळा होईपर्यंत एखादी पिढी सहज जाईल.