हद्द कुणाची? आकाशातल्या पोलिसाची गोष्ट

घरातल्या पडद्यावर मुले काय पाहतात आणि आईवडिलांनी त्यांच्याशेजारी बसून काय बोलावे, याविषयी आम्ही या सदरातून लिहीत असतो. आज एका जुन्या मालिकेची आठवण काढणार आहोत. तिच्या निमित्ताने आपल्या रोजच्या उपयोगाचा एक प्रश्न विचारता येतो.

१९९८ साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' ही हिंदी मालिका आली. दिग्दर्शक केतन मेहता, आणि व्योमच्या भूमिकेत दादरला वाढलेले आपले मराठी मिलिंद सोमण. गोष्ट भविष्यातली. माणूस ग्रह-उपग्रहांवर वस्ती करून राहिला आहे. गुरूच्या एका उपग्रहावर भक्कम तुरुंग आहे. तिथून बारा महाभयंकर गुन्हेगार पळतात आणि त्यांना एकेक करून पकडण्याची कामगिरी व्योमवर येते. त्या काळी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत चाळीचाळींतून केबलच्या तारा पोहोचल्या होत्या, तरी ज्या घरी केबलचे पैसे परवडत नव्हते तिथे दूरदर्शनच होते. त्या घरांतल्या मुलांनी पुठ्ठ्याची बंदूक करून 'व्योम-व्योम' खेळावे असा तो काळ होता. पौराणिक मालिकांचा पूर ओसरला नव्हता. त्यात यान, संगणक, ग्रह असे शब्द मुलांच्या तोंडी येत होते, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती. मालिका संपली आणि तिच्यामागून तशा मालिकांची रांग काही लागली नाही.

परदेशातही हाच अनुभव. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९८७ साली 'स्टार कॉप्स' काढली. तिचे अवघे नऊ भाग झाले आणि ती बंद पडली. १९९४-९५ मध्ये 'स्पेस प्रीसिंक्ट' आली, तीही चोवीस भागांत आटोपली. अंतराळातला पोलीस लोकांच्या घरात फार दिवस मुक्काम करू शकला नाही.

मुलांच्या खेळात कुणी विचारत नाही, पण मोठ्यांनी विचारावा असा प्रश्न यात आहे. चोर गुरूच्या उपग्रहावरून पळाला, तर तो गुन्हा कुणाच्या हद्दीतला? पकडल्यावर त्याला कोणत्या कोर्टात उभे करायचे? 'कॅप्टन व्योम'ने हा प्रश्न एका फटक्यात मिटवला. त्या गोष्टीत साऱ्या जगाचे एकच सरकार आहे आणि वर एक विश्वप्रमुख आहेत. सरकार एकच असल्यावर हद्दीचे भांडण उरतच नाही. 'स्टार कॉप्स'ने मात्र हे भांडणच गोष्टीचा विषय केले. त्या मालिकेतले साल २०२७, म्हणजे आता दारात आलेले. आकाशात अनेक देशांची ठाणी, पोलीस मूठभर, आणि प्रत्येक देश म्हणतो की आमच्या माणसाला हात लावू नका. आम्हाला हे चित्र अधिक खरे वाटते.

हद्दीचे भांडण आपल्या ठाण्याला नवे नाही. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. या किल्ल्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी सुरू केले, १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना १८१५ साली याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. आरोप होता गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा. आता हद्द पाहा. खून झाला पंढरपुरात, म्हणजे पेशव्यांच्या मुलखात. मारला गेला तो गायकवाडांचा वकील. त्याच्या जिवाची हमी घेतली होती इंग्रजांनी. आरोपी पेशव्यांचा माणूस आणि तुरुंग कंपनीचा. न्याय कुणी करायचा? पेशव्यांनी चौकशी टाळली, तेव्हा कंपनीने बळावर कैदी ताब्यात घेतला.

सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी या किल्ल्यातून निसटले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. बिशप हेबर यांनी पुढे नोंदवलेली हकीकत अशी, की एका अंमलदाराचा मराठी मोतद्दार घोडा फिरवता फिरवता खिडकीखाली गाणी म्हणत असे आणि पळण्याचा सारा बेत त्या गाण्यांतून आत कळवत असे. गोऱ्या शिपायांना मराठीचा गंध नव्हता, त्यामुळे त्यांना ते नुसते गाणे वाटले. खाडीपलीकडे पेशव्यांचा मुलूख होता, म्हणजे कंपनीची हद्द संपत होती. या पलायनावरून ताण वाढला आणि जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्यांना उत्तर कोकण कंपनीला द्यावे लागले. कल्याणचा मुलूख त्यातलाच. त्रिंबकजी १८१८ साली पुन्हा पकडले गेले आणि त्यांना दूर चुनारच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तुरुंगातून पळालेल्या कैद्याची गोष्ट मुलांना सांगायची, तर गुरूपर्यंत जायला नको. ठाणे स्टेशनला उतरावे.

त्या काळी जो बलवान त्याची हद्द, असा न्याय होता. आज आकाशात काय न्याय आहे? १९६७ साली बाह्य अवकाशाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही तो मान्य केला आहे. चंद्रावर वा ग्रहांवर कोणत्याही देशाला मालकी सांगता येणार नाही, आणि ज्या देशाच्या नोंदवहीत यान असेल त्या देशाचा अधिकार त्या यानावर चालेल, असे त्यात ठरले. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक उभे करायचे ठरले, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये पंधरा देशांनी आणखी एक करार केला. त्याचे बाविसावे कलम गुन्ह्यांविषयी आहे. स्थानकावर सहभागी देशाच्या माणसाने गुन्हा केला, तर त्याच्यावर त्याच्या स्वतःच्या देशाचा कायदा चालेल, हे त्याचे मुख्य सूत्र. ज्या वर्षी आपली मुले व्योम पाहत होती, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या स्थानकाचा पहिला भाग आकाशात गेला. पोलीस अजून तिथे गेलेला नाही, पण कायदा आधी जाऊन बसला.

त्याचा प्रसंगही येऊन गेला. २०१९ मध्ये एका अमेरिकन महिला अंतराळवीरावर तक्रार झाली, की तिने स्थानकावरून विभक्त जोडीदाराचे बँक खाते परवानगीविना उघडून पाहिले. अंतराळातला पहिला गुन्हा म्हणून जगभर गाजावाजा झाला. अमेरिकेच्या कायद्याने चौकशी झाली आणि २०२० मध्ये तक्रार करणारीवरच खोटी माहिती दिल्याचा खटला भरण्यात आला. आकाशातल्या माणसाला जसा कायदा लागू झाला, तसे कायद्याचे संरक्षणही मिळाले, हे लक्षात घ्यावे.

आपल्या देशाचे काय? १९८४ साली राकेश शर्मा रशियन स्थानकावर गेले. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचले. जुन्या भारतीय दंड संहितेचे चौथे कलम सांगत असे, की भारताच्या नागरिकाने भारताबाहेर कोणत्याही ठिकाणी गुन्हा केला तरी त्याला हा कायदा लागू आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच ठेवले आहे. 'कोणत्याही ठिकाणी' या शब्दांत आकाशही आले. म्हणजे आपला कायदा पृथ्वीच्या वर चारशे किलोमीटर जातो.

मग तोच कायदा कल्याण स्टेशनच्या जिन्यावर का अडखळतो, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्या भगिनी पहाटेची गाडी धरून कामाला जातात. डोंबिवली-दिवा दरम्यान गर्दीत पर्स कापली गेली, तर लक्षात येते ठाण्याला उतरल्यावर. गाडीतला आणि फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा. रेल्वेच्या मालमत्तेची राखण रेल्वे सुरक्षा दलाची. जिना उतरून रिक्षा थांब्यावर आलात की शहर पोलीस. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येते, तर मुरबाड-शहापूर ठाणे ग्रामीणमध्ये. हे सारे पाठ असलेली बाई आम्ही तरी पाहिलेली नाही. तिला एवढेच ऐकू येते : "ही आमची हद्द नाही." दोन-तीन ठिकाणी फिरून तिचा खाडा होतो. शेवटी चोरीला गेलेला मोबाईल 'गहाळ' लिहून घेऊन ती घरी येते. गुन्हा नोंदलाच जात नाही आणि चोर मोकळा राहतो. त्याला पळायला यानसुद्धा लागत नाही.

केतन मेहता यांचा पहिला चित्रपट 'भवनी भवाई' हा १९८० चा, अस्पृश्यतेवरचा. गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेली माणसे त्यात आहेत. राजाचा हुकूम त्यांना शिक्षा करायला बरोबर पोहोचतो, दाद द्यायला मात्र पोहोचत नाही. आपल्या वाडवडिलांनी हे सोसले. म्हणून ठाण्याच्या दारातून कुणी परत पाठवले, तर ती किरकोळ गैरसोय समजून आपण गप्प बसू नये, असे आम्हाला वाटते.

कायदा आता आपल्या बाजूने पुष्कळ स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये 'ललिता कुमारी' खटल्यात सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ त्यापुढे जाते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. लोक त्याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. ते ठाणे ती नोंद करून योग्य ठाण्याकडे पाठवते. ही पायपीट पोलिसांची, आपली नव्हे. खबर मोबाईल-संगणकावरून कळवली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. नोंदवायला नकार दिला, तर सगळी हकीकत लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे पाठवावी. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. एक लक्षात ठेवावे, की पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे. म्हणून गेलेल्या वस्तूची किंमत आणि बिल असेल तर ते जवळ ठेवावे. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या काही गुन्ह्यांत पोलिसांना आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे, हेही माहीत असावे.

मालिकेत व्योम गुन्हेगाराला पकडतो आणि मुले टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवू द्याव्यात. मग आईने हळूच विचारावे : "पकडला, पुढे काय? त्याचे म्हणणे कुणी ऐकले? ज्याचे नुकसान झाले त्याची तक्रार कुणी लिहून घेतली?" मुलांना पराक्रम लगेच कळतो. कोर्ट, साक्ष, नोंदवही यांची किंमत त्यांना सांगून शिकवावी लागते. मारधाडीच्या मालिका आज पूर्वीपेक्षा शंभरपट आहेत, त्या मुलांच्या हातातल्या मोबाईलवर आहेत. म्हणून हे विचारणे आज अधिक जरुरीचे झाले आहे.

आमची सूचना साधी आहे. महिला मंडळांनी पुढच्या बैठकीत अर्धा तास या एकाच विषयाला द्यावा. वस्तीतल्या एखाद्या वकील भावाला किंवा बहिणीला बोलवावे आणि कलम १७३ मराठीतून वाचून घ्यावे. घरातल्या शाळकरी मुलाने ते वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. पुन्हा कुणी "हद्द आमची नाही" म्हणाले, तर आपल्या भगिनीने शांतपणे उत्तर द्यावे : "साहेब, नोंद तुम्ही करा. हद्द नंतर शोधा."