हक्कसोडपत्राचे वाचन

वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधणे ही आपल्या साहित्यात बहुधा भावनेची गोष्ट असते. ओटा, आड, आजोबांनी लावलेला आंबा यांनी ती भरून जाते. कागद तिथे क्वचित येतो, आणि आलाच तर सावकाराच्या हातातून येतो. 'वाडा चिरेबंदी' हा ठळक अपवाद. वडिलांच्या दिवसांचा खर्च कोणी करायचा, हा हिशोब महेश एलकुंचवारांनी रंगमंचावर आणला आणि त्यातूनच त्या घरातली माणसे आपल्याला कळली. घर बांधतानाची फी, शुल्के आणि कर यांचा हिशोबही असाच वाचायला हवा, असे मला वाटते.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावाशी 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसतात. ती एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरची खूण. भाऊ सगळ्यांच्या वतीने आहे, एवढेच ती सांगते. पुढच्या पिढीला मात्र तो मालक वाटू लागतो. बहिणींची नावे असलीच तर पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात असतात. कायदा केव्हाच पुढे गेला आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्माने सहहिस्सेदार केले. त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या.

म्हणजे पाया खणण्याआधी जमीन कोणाची, हे ठरवणे आले. एक मार्ग वाटणीचा. त्यात मोजणी, नकाशा, पोटहिस्सा आणि फेरफार येतात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची अडचणही येऊ शकते. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावर एक टक्का, कमाल 30,000 रुपये नोंदणी फी होती. ती माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये घेतला. एकाही हिस्सेदाराची संमती नसेल तर दिवाणी दावा, आणि त्याला किती वर्षे लागतील हे कोणी सांगू शकत नाही. दुसरा मार्ग हक्कसोडपत्राचा. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाबहिणीने एकमेकांसाठी विनामोबदला सोडला, तर मुद्रांक शुल्क अवघे काही शे रुपये. मोबदला घेतला असेल तर मात्र खरेदीखताप्रमाणे बाजारमूल्यावर शुल्क.

येथे वाचकाने थांबावे. कायदा तटस्थ आहे; भाऊही बहिणीच्या नावे हक्क सोडू शकतो आणि शुल्क तेवढेच पडते. रूढी तटस्थ नाही. त्यामुळे सर्वांत स्वस्त दस्त बहुतेक वेळा बहिणीच्या सहीचा असतो. त्यात 'राजीखुशीने', 'कोणत्याही दबावाशिवाय', 'विनामोबदला' असे साचेबंद शब्द असतात. प्रत्यक्षात काही रक्कम हातात पडली आणि दस्तात ती आली नाही, तर शासनाचे शुल्क बुडते आणि बहिणीला काही मिळाले होते याचा पुरावाही राहत नाही. रक्कम कबूल करूनही दिली नाही, तर मागायला तिच्याकडे कागदच नसतो.

बांधकामाचे खर्च यापुढचे. जागा गावठाणात आहे की शेतीत, यावर अकृषिक वापराचा प्रश्न ठरतो. नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत विकास शुल्क लागते. बांधकाम कामगार कल्याणासाठी खर्चाच्या एक टक्का उपकर आहे. स्वतःच्या लहान घराला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट मिळते. ठेकेदाराने एकाच घराचे निव्वळ मजुरीचे काम घेतले तर त्यावर वस्तू व सेवा कर नाही. सामानासह घेतले तर आहे. सिमेंटवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. हे खर्च पावतीवर दिसतात, म्हणून आपण त्यांच्यावरच चिडतो. सामाईक जमिनीवर वाटणीवाचून बांधलेल्या घराची खरी किंमत कोणत्याच पावतीवर नसते. बँक कर्जासाठी सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या मागते, तेव्हा ती पहिल्यांदा कळते.

राहिली वकिलाची फी. तिचा ठरलेला दर नाही. म्हणून तीस वर्षांचा शोध अहवाल, दस्ताचा मसुदा, नोंदणीची हजेरी आणि फेरफाराचा पाठपुरावा यांतले काय फीमध्ये धरले आहे, हे आधी लिहून घ्यावे. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: हा वकील कोणाचा? घर बांधणारा भाऊ त्याला नेमतो, मसुदा त्याच्या सांगण्यावरून होतो आणि बहीण शेवटच्या दिवशी सहीला येते. बहिणीने स्वतःचा वकील करावा आणि त्याची फी घराच्या खर्चात धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विटा आणि सळ्यांच्या हिशोबात ती रक्कम नगण्य ठरते. 'यामुळे नात्यात अविश्वास येतो' असा आक्षेप घेतला जाईल. पण वाचून, समजून केलेली सही नाते मोडत नाही. न वाचता घेतलेली सही मात्र पुढच्या पिढीला न्यायालयात नेते.

साहित्याच्या वर्गात ग्रामीण कादंबरी शिकवताना शेजारी एक हक्कसोडपत्र, नावे झाकून, ठेवून पाहावे. निवेदक कोण, बोलते कोण, गप्प कोण, हे प्रश्न आपण कथेला विचारतोच. तेच प्रश्न या दस्ताला विचारले, तर विद्यार्थी उद्या स्वतःच्या घरातल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचतील.