पाकिटावर काय लिहिलंत?



मागच्या रविवारी अभिषेक झाल्यावर आम्ही पाच-सहाजणी मंदिराच्या मंडपात बसलो होतो. एका काकींच्या मुलीला बंगळुरूला बाळ झालंय. बाळासाठी हुपरीहून चांदीचे वाळे करून आणलेत, पण काकींचे गुडघे दुखतात, इतक्यात जाणं होणार नाही. त्यांनी विचारलं, "कुरिअरने पाठवू म्हणते. आत काय आहे म्हणून विचारलं तर काय सांगू गं?" आणि चौघींनी एका सुरात उत्तर दिलं, "इमिटेशन म्हणून लिहा. सगळे तसंच लिहितात."

मी गप्प बसले. तीन वर्षांपूर्वी मीही तेच लिहिलं होतं. तिथे सगळ्यांसमोर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आज इथे लिहिते आहे.

आमच्या आईची एक मोत्यांची नथ होती. आई गेल्यावर ती माझ्याकडे राहिली, पण माझी म्हणून नव्हे. आईने सांगून ठेवलं होतं की घरातल्या ज्या मुलीचं लग्न असेल तिने ती घालावी आणि परत आणून ठेवावी. म्हणजे ती माझ्याकडे ठेव होती. आक्का नाशिकला असते, तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मी लग्नाला जाणारच होते, पण आक्काला नथ आठ दिवस आधी हवी होती, तार जरा सैल झाली होती ती नीट करून घ्यायला. मी गल्लीच्या टोकाच्या कुरिअरवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "इमिटेशन." "किंमत?" "लिहा तीनशे." माझ्या सहीने माझ्याच हाताने फॉर्म भरला. पंचेचाळीस सेकंदांचं काम.

नाशिकला डबी पोचली. आत कापूस होता. नथ नव्हती.

कुरिअरवाले उद्धट बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते फार नम्रपणे बोलले. फॉर्मवर तीनशे आहेत मॅडम, तीनशे देतो. शिवाय सोन्याचांदीचे दागिने आम्ही घेतच नाही, हे पावतीच्या मागे छापलंय. खरंच छापलं होतं. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत दागिने, रोकड, सोनं चालत नाही असं असतंच. आपण पावती उलटून बघत नाही एवढंच.

मग एका हितचिंतकाने सुचवलं की ओळखीच्या सराफाकडून मागच्या तारखेचं बिल करून घ्या, नोटीस पाठवा, काहीतरी हाती लागेल. मी दोन दिवस त्यावर विचार केला, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र लक्षात आलं की पहिलं खोटं झाकायला आता दुसरं खोटं लिहायचं चाललंय, तेही सराफाला सोबत घेऊन. ते केलं नाही. तीनशे रुपयेही घेतले नाहीत. भाचीने दुकानातून आणलेली नथ घातली. आक्का मला एका शब्दाने बोलली नाही, आणि आजवर बोललेली नाही. तेच जास्त लागतं.

पाठशाळेत आपण सगळ्यांनी अणुव्रतांचे अतिचार पाठ केलेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा लेख करणं. त्याच यादीत न्यासापहार आहे, दुसऱ्याची ठेव बुडवणं. लहानपणी वाटायचं हे सावकारांसाठी, वहीखात्यांसाठी असणार. कुरिअरच्या फॉर्मवरचं 'इमिटेशन' हा लेखच आहे हो. आणि अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितलाय, खोटा माल खरा म्हणून खपवायचा. आपण उलटं करतो, खरा माल खोटा म्हणून पाठवतो, आणि वर स्वतःला हुशार समजतो. आपल्या घरातली माणसं दुकानात मापात एक ग्रॅम इकडेतिकडे करत नाहीत, त्याचा आपल्याला अभिमान असतो. मग पार्सलवर लिहिताना तो नियम कुठे जातो?

यावर येणारं उत्तर मला माहीत आहे, कारण ते मीही देत होते: "बाहेर 'सोनं' लिहून चोराला आमंत्रण द्यायचं का?" नाही. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. डबीवर, पुडक्यावर आत काय आहे ते लिहायची गरज नाही, सराफाच्या दुकानाची छापील डबी किंवा पिशवी तर मुळीच वापरू नका. पण ज्याच्या हातात ती वस्तू सोपवतोय त्याने विचारलं तर खरं सांगायचं. तो घेत नसेल तर दुसरीकडे जायचं. एवढं साधं आहे.

दुसरीकडे म्हणजे पोस्टात. टपालाने सोनं, चांदी, रत्नं, दागिने पाठवायचे तर विमा उतरवूनच पाठवायचे, हा टपाल खात्याचा जुना नियम आहे, आपल्या आज्यांच्या काळापासूनचा. नोटा पाकिटात घालून पाठवायच्या तरी तोच नियम. विम्याच्या पार्सलवर विम्याची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत बाहेर लिहावी लागते. हे ऐकून पहिल्यांदा मलाही धस्स झालं, पण त्यातच त्याची सुरक्षितता आहे. असं पार्सल घेताना वजन करून नोंदवतात आणि पुढे ते हातोहात, नोंद करून, सहीनिशी जातं. कुठे वजन कमी भरलं तर कुठपर्यंत बरोबर होतं ते कळतं. माझी नथ कुठे गेली ते कुणीच सांगू शकलं नाही, कारण तीनशे रुपयांच्या इमिटेशनचं वजन कोण करत बसणार?

एक गोष्ट नीट समजून घ्या. नुसतं स्पीड पोस्ट म्हणजे विमा नव्हे. विमा नसलेलं स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई भाड्याच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. आपल्या ओळखीचं रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच विलीन झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र पाच रुपये आणि वर जीएसटी भरला की ओटीपी सांगितल्यावरच बटवडा करायची सोय झाली आहे. ती जरूर घ्या. आणि विमा खऱ्या किमतीचाच उतरवा. जास्त रकमेचा उतरवला म्हणून जास्त भरपाई मिळत नाही.

"विम्याला पैसे फार पडतात" असंही बायका म्हणतात. पडतात. होप नावाचा प्रसिद्ध निळा हिरा आहे ना, आपल्याच गोवळकोंड्याकडच्या खाणीतला, तो न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दान दिला आणि साध्या तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर टपालाने पाठवला. खर्च झाला १४५ डॉलर २९ सेंट. त्यात टपालाचे फक्त २ डॉलर ४४ सेंट, बाकी सगळा दहा लाख डॉलरचा विमा. पोस्टमनने तो नेऊन दिला. ज्याच्या घरी हिऱ्यांचा धंदा त्याला विम्याचे पैसे जड वाटले नाहीत, आपण मात्र विम्याच्या पैशांपायी आईच्या नथीला इमिटेशन म्हणतो.

आता बांधणीबद्दल, कारण अर्धं नुकसान तिथेच होतं. डबी हलवून बघा. आतून आवाज आला की बाहेरच्याला कळलं. कापूस गच्च भरा, डबी दुसऱ्या मोठ्या खोक्यात घाला, त्यावर कापड शिवून घ्या. पावसाळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी. आत एका चिठ्ठीवर दोन्हीकडचे पत्ते आणि फोन नंबर लिहून ठेवा, बाहेरचा कागद भिजला किंवा फाटला तरी ती चिठ्ठी वाट दाखवते. पाठवण्याआधी दागिना वजनकाट्यावर ठेवून फोटो काढा. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. जुन्या दागिन्यांवर तो नसतो, त्यांची खूण फोटोच.

राखीचं वेगळंच. आपल्याकडे रक्षाबंधन म्हणजे विष्णुकुमार मुनींनी हस्तिनापुरात सातशे मुनींवरचा उपसर्ग दूर केला तो दिवस. त्या दिवशी भावाला चांदीची राखी पाठवायची हौस अलीकडे फार वाढलीय. पण साध्या पाकिटात चांदीचं फूल घातलं तर त्यावर शिक्क्याचा दणका बसतो, पाकीट फुगलेलं दिसतं, कडेला फाटतं. पोस्टात राखीसाठी पाण्याने न भिजणारी पाकिटं मिळतात, ती रेशमाच्या किंवा सुताच्या राखीला चांगली. आणि रेशीम आपण का वापरतो हा प्रश्न आहेच, पण तो पुन्हा कधीतरी.

तसंच लाखेचं. विमा पार्सलच्या शिवणीवर लाखेचे शिक्के मारायची पद्धत आहे, आणि तो ठसा नाण्याचा किंवा बटणाचा चालत नाही, स्वतःची वेगळी खूण लागते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो, त्यामुळे हातात लाखेची कांडी धरताना मला कसंतरी होतं. मी काउंटरवर विचारलं, दुसरं काही चालेल का. तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोलले नाही.

परदेशात पाठवणाऱ्यांना एकच सांगते. कस्टमच्या फॉर्मवर 'गिफ्ट' लिहिलं म्हणून वस्तूची किंमत नाहीशी होत नाही. तिथे चुकवलेला कर हा विरुद्धराज्यातिक्रमच, देश कुठलाही असो.

सासूबाईंचं मत अजूनही असं की सोनं हातानेच द्यावं. जमेल तेव्हा द्यावंच. पण आपल्याकडे 'हाताने' म्हणजे बहुतेक वेळा पुण्याला निघालेल्या कुणाच्या तरी मुलाच्या बॅगेत एक शिवलेली पुडी टाकणं. त्याला सांगतही नाही आत काय आहे, घाबरेल म्हणून. तो पोरगा एसटीत बॅग वर ठेवून झोपतो. हरवली तर आयुष्यभराचा ठपका त्याच्यावर, ज्याला काय सांभाळायचं हेच माहीत नव्हतं त्याच्यावर. कुरिअरवाल्याशी खोटं बोलण्यापेक्षा मला हे जास्त वाईट वाटतं. द्यायचं असेल तर उघडून दाखवून, वजन सांगून द्या, आणि त्याने नको म्हटलं तर राग धरू नका.

या वैशाखात भावाच्या मुलीचं लग्न झालं, बेळगावला. आईच्या बुगड्या पाठवायच्या होत्या. मी मुख्य पोस्टात गेले, कारण खेड्यातल्या शाखेत मोठ्या किमतीचा विमा घेत नाहीत. काउंटरवर विचारलं, "आत काय?" माझा आवाज आपोआप खाली गेला, तरी म्हटलं, "सोन्याच्या बुगड्या. जुन्या." त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. विम्याचे पैसे टपालाच्या पैशांपेक्षा जास्त झाले, दिले.

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. पोस्टमनसमोर सही करण्याआधी त्यांनी शिक्के तपासले, उघडताना मुलाला व्हिडिओ काढायला लावला आणि मग सराफाकडे जाऊन वजन करून आल्या. म्हणाल्या, "वन्सं, बरोबर भरलं."

काकींना मी आज संध्याकाळी फोन करणार आहे. वाळे अजून पाठवले नसतील तर उद्या सकाळी त्यांना घेऊन मीच पोस्टात जाते, कापड शिवायला दाभण माझ्याकडे आहे.